तात्पर्य शेवटी असतं, मूल मधलं उचलतं

"काय शिकलीस या गोष्टीतून?" मी मुलीला विचारलं. उत्तर मला ठाऊकच होतं, निदान तसं वाटत होतं. कार्टून नुकतंच संपलं होतं. जंगलातल्या मित्रांच्या टोळीत एक नवा ससा येतो. त्याचं शेपूट अर्धं तुटलेलं. सगळे त्याला चिडवतात, खेळायला घेत नाहीत. मग पूर येतो, तोच ससा सगळ्यांना वाचवतो आणि शेवटी सगळे माफी मागून त्याच्या गळ्यात पडतात. तात्पर्य इतकं ढळढळीत की आंधळ्यालाही दिसावं.

मुलगी सहा वर्षांची. जरा विचार करून म्हणाली, "शेपूट तुटकं असलं की खुंट्या म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला "ए खुंट्या" अशा हाका सुरू झाल्या. तो रडला की ही दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान मागे टाकून हसायची. टोळीतला कोल्हा असाच हसत होता. नक्कल हुबेहूब.

मी तो भाग पुन्हा लावला आणि घड्याळ घेऊन बसलो. भाग ११ मिनिटांचा. त्यात चिडवाचिडवी साडेसात मिनिटं, पूर अडीच मिनिटं आणि माफी ५० सेकंद. सगळे विनोद चिडवण्यातच होते, गमतीदार संगीतही तिथेच. माफीच्या वेळी संगीत संथ झालं, सगळे गंभीर झाले, आणि आमच्या बाईसाहेब तेव्हा सोफ्यावरून उलट्या लोंबकळत होत्या.

मुलांच्या कार्यक्रमांतून कोणती मूल्यं पोचतात, ही काळजी टीव्हीइतकीच जुनी आहे. पण ती करताना आपण बहुतेकदा चुकीच्या ठिकाणी बघतो. गोष्टीचा शेवट चांगला झाला, दुष्टाला शिक्षा झाली, सगळे मिळून राहू लागले, की आपण सुटकेचा श्वास टाकतो. मूल मात्र शेवटासाठी गोष्ट बघतच नसतं.

लहान मुलं गोष्ट कशी वाचतात

अमेरिकेतल्या संशोधक मेरी-लुईस मारेस यांनी बालवाडीतल्या मुलांना 'क्लिफर्ड' या मोठ्या लाल कुत्र्याच्या मालिकेतला एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, इतर कुत्रे आधी बिचकतात आणि मग त्याला आपल्यात घेतात. बनवणाऱ्यांना सांगायचं होतं की कुणाला अपंगत्व असलं तरी त्याला वेगळं काढू नका. मुलांना विचारल्यावर बहुतेकांची उत्तरं कुत्र्यांभोवतीच फिरली. तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागायचं, बस. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मुलं मंद नव्हती आणि मालिकाही वाईट नव्हती. त्या वयात डोकं असंच चालतं.

का, ते बघू. तात्पर्य काढण्यासाठी तीन कामं लागोपाठ करावी लागतात. सुरुवातीला कोण कशामुळे कसं वागलं ते शेवटापर्यंत लक्षात ठेवायचं. मग शेवटाची गाठ त्या सुरुवातीशी बांधायची. आणि मग कुत्रा, ससा, जंगल हे सगळं सोलून टाकून आत उरलेलं सूत्र आपल्या शाळेतल्या, आपल्या गल्लीतल्या कुणाला तरी लावायचं. आपण हे क्षणात करतो, म्हणून ते काम आहे हेच आपल्याला जाणवत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला तिन्ही अवघड, आणि तिसरं तर फारच. त्याच्यासाठी कुत्र्याची गोष्ट कुत्र्याची असते.

दुसरी कडीसुद्धा किती नाजूक असते बघा. अँड्र्यू कॉलिन्स या संशोधकाने १९७३ मध्ये तिसरी, सहावी आणि दहावीच्या मुलांना मारामारीचं एक कथानक दाखवलं. काहींना ते सलग दाखवलं. काहींना दाखवताना मारणाऱ्याचा वाईट हेतू, प्रत्यक्ष मारामारी आणि तिचे परिणाम यांच्या मधे जाहिराती घातल्या. मोठ्या मुलांना जाहिरातींनी फरक पडला नाही. तिसरीतली मुलं मात्र तुकड्यातुकड्यांनी पाहिल्यावर आक्रमक उत्तरांकडे जास्त झुकली. हेतू आणि शिक्षा गळून गेली, हातात फक्त मारामारी उरली. "पण शेवटी त्याला शिक्षा झालीच ना?" हे आपलं नेहमीचं समाधान आठ-नऊ वर्षांच्या मुलापर्यंतही धड पोचत नाही, ते असं.

आणि पोचलं तरी काय? इथे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बॅन्डुरांचा बाहुलीचा प्रयोग आठवावा लागतो. तो सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धाच. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ७२ लहान मुलांवर तो झाला. एक मोठी व्यक्ती हवा भरलेल्या बाहुलीला ठोसे मारते, हातोडीने बडवते, हे पाहिलेली मुलं पुढे तशीच वागली, आणि ऐकलेले शब्दसुद्धा त्यांनी उचलले. १९६३ च्या पुढच्या प्रयोगात हेच दृश्य पडद्यावर दाखवलं, तेव्हाही मुलांनी ते उचललं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा भाग. या वेळी चित्रफितीत काही मुलांना मारणाऱ्याला बक्षीस मिळताना दाखवलं, काहींना शिक्षा होताना. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथवर सगळं आपल्या मनासारखं. मग मुलांना सांगितलं, त्याने काय काय केलं ते करून दाखवलंस तर बक्षीस देऊ. तेव्हा हा फरक पुसला गेला. म्हणजे शिक्षेने शिकणं थांबलं नव्हतं. मुलांनी सगळं टिपून ठेवलं होतं, फक्त वापरलं नव्हतं. योग्य वेळ आली की ते बाहेर येतं. धाकटा भाऊ हाताशी असला तर लगेच.

चांगल्या कार्यक्रमांतली अडचण

आता एक गोष्ट जी ऐकून मी स्वतः उडालो होतो. जेमी ऑस्ट्रोव्ह, डग्लस जेंटाइल आणि निकी क्रिक यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांचा काही काळ मागोवा घेतला. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. हिंसक कार्यक्रमांचा आक्रमकतेशी संबंध दिसला, हे अपेक्षितच होतं. पण शैक्षणिक म्हणवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचाही एका वेगळ्या आक्रमकतेशी संबंध दिसला. ही आक्रमकता हाताची नसते, नात्याची असते. "तू माझी मैत्रीण नाहीस", "तुला आम्ही खेळायला घेणार नाही", कानात कुजबुज, मुद्दाम पाठ फिरवणं.

याचं कारण माझ्या घड्याळाच्या आकड्यांतच आहे. भांडण मिटवायला शिकवायचं तर आधी भांडण दाखवावं लागतं. ते रंगवायला भागाचा बहुतेक वेळ जातो आणि मिटवायला उरतं एखादं मिनिट. चिडवायचं कसं, टाळायचं कसं, रुसायचं कसं याची सविस्तर शिकवणी होते. समजूत कशी घालायची हे मात्र "सॉरी" आणि मिठी एवढ्यावर आटोपतं. एखाद्या मुलाला "सॉरी" म्हणता येत असतं, पण त्याआधी मनात काय होतं आणि तोंडातून शब्द बाहेर काढायला किती जड जातं, ते त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

सुपरहिरोंचंही तेच. ते दुबळ्यांना वाचवतात, म्हणून मुलं त्यांच्याकडून परोपकार शिकतील असा आपला हिशेब. सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी २४० लहान मुलांची पाहणी केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सुपरहिरोंत जास्त रमणारी मुलं वर्षभरानंतर जास्त आक्रमक दिसली. इतरांना मदत करण्यात किंवा छळ होणाऱ्याच्या बाजूने उभं राहण्यात मात्र ती पुढे नव्हती. वाचवणं हे तात्पर्य होतं आणि ठोसा हे दृश्य. मुलांनी दृश्य घेतलं.

अर्थात, अशा अभ्यासांतून "यामुळे ते झालं" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दांडगट मुलांनाच सुपरहिरो जास्त आवडत असतील, हेही शक्य आहे. आणि निष्कर्ष कधी कधी उलटेही फिरतात. याच कॉइन यांनी २०१६ मध्ये डिस्नेच्या राजकन्यांबद्दल लिहिलं होतं. त्यांत रमणारी बालवाडीतली मुलं 'मुलींनी असं, मुलग्यांनी तसं' या साच्यात वर्षभराने जास्त बसलेली दिसली. खूप पालकांनी ते वाचून गुलाबी झगे कपाटात कोंबले. मग २०२१ मध्ये पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. त्यात राजकन्यांत रमलेल्या मुलांचे स्त्री-पुरुषांबद्दलचे विचार उलट जास्त मोकळे निघाले. तेव्हा एका अभ्यासाच्या बातमीवरून घरात फतवा काढू नये. झगे परत बाहेर काढा.

कुणाची मूल्यं?

मूल्यांबद्दल तक्रार करताना आपण एकाच शब्दात वेगवेगळ्या गोष्टी भरतो. कधी ती साध्या सवयींची तक्रार असते. कॅनडात बनलेल्या 'कायू' या मालिकेतला चार वर्षांचा मुलगा किरकिर फार करतो, म्हणून जगभरच्या पालकांनी त्याला नावं ठेवली. ब्रिटनमधल्या 'पेप्पा पिग'मध्ये गाडीत बसताना पट्टा लावत नाहीत, अशी तक्रार आली आणि मग तिथे पट्टे दिसू लागले. जपानमधल्या 'शिन-चान'चं नाव तिथल्या पालक-शिक्षक संघाच्या पाहणीत 'मुलांना दाखवू नयेशा' कार्यक्रमांत वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर असायचं. या तक्रारी मला रास्त वाटतात. लहान मुलं सवयी उचलतात, हे बॅन्डुरांनी दाखवलंच आहे.

कधी मात्र तक्रार जग कसं असावं याबद्दल असते, आणि तिथे भान ठेवावं लागतं. 'सेसमी स्ट्रीट' ही अमेरिकेतली मुलांची मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. काळी, गोरी मुलं आणि माणसं एकाच गल्लीत गुण्यागोविंदाने राहतात, एवढंच तिच्यात होतं. १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने ती दाखवायची नाही असं ठरवलं, कारण पात्रांत सगळे वर्ण मिसळलेले होते. बातमी फुटली, टीका झाली आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. त्या आयोगातल्या माणसांनाही आपण मुलांचं भलंच करतोय असं वाटत असणार. आज आपल्याला एखादी मालिका खटकते तेव्हा ती मुलाला दुखावते म्हणून खटकते की आपल्याला, हे एकदा स्वतःला विचारलेलं बरं. माझं स्वतःचं उत्तर दरवेळी पहिलंच असतं असं नाही.

मूल्य योग्य असूनही जागा चुकू शकते, याचं झकास उदाहरण पुन्हा पेप्पाचंच. एका भागात तिचे बाबा सांगतात की कोळ्याला घाबरू नये, तो छोटा असतो, काही करत नाही. ब्रिटनमध्ये हे शहाणपण. विषारी कोळी असलेल्या ऑस्ट्रेलियात हाच सल्ला अंगाशी येऊ शकतो. म्हणून तिथल्या सरकारी वाहिनीने २०१२ मध्ये तो भाग बाजूला ठेवला.

आणि ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं ते मूल्य म्हणजे "हे घेतलं की तू भारी". आधी खेळणं बाजारात आणायचं आणि मग त्याच्यासाठी मालिका बनवायची, हा उद्योग १९८० च्या दशकात अमेरिकेत जोरात होता. 'ही-मॅन'ची खेळणी १९८२ मध्ये आली, कार्टून १९८३ मध्ये. अशी मालिका म्हणजे गोष्टीचा झगा घातलेली जाहिरातच. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला जाहिरात दिसते, पण समोरचा आपल्या गळ्यात काहीतरी मारू पाहतोय हे कळत नाही. त्याच्या लेखी ती खरी माहिती असते. म्हणूनच कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती करायला बंदी घातली, आणि स्वीडनने १९९१ पासून १२ वर्षांखालच्यांसाठी टीव्हीवर. वाईट शब्द ऐकून आपण दचकतो आणि रिमोट हिसकावतो. हे मूल्य गोड आवाजात येतं, म्हणून दचकत नाही.

मग घरात काय करायचं

टीव्हीच बंद करायचा, हा पहिला विचार. जमत असेल तर वाईट नाही, पण बहुतेक घरांत जमत नाही, आणि बंदीला एक खोड असते. 'यात हिंसा आहे' अशी इशारेवजा पाटी लावली की कार्यक्रम बघण्याची इच्छा वाढते, असं ब्रॅड बुशमन यांना १९९६ मध्ये आढळलं. ते प्रयोग कॉलेजच्या वयाच्या मुलांवर होते, पण "तू हे बघायचं नाही" म्हटल्यावर घरातलं मूल काय करतं हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

बंदीपेक्षा अदलाबदल सोपी. दिमित्री ख्रिस्ताकिस यांच्या चमूने ५६५ पालकांना घेऊन एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं ३ ते ५ वर्षांची. अर्ध्या पालकांना सांगितलं की टीव्हीचा वेळ कमी करू नका, फक्त मारामारीच्या जागी समजूतदार कार्यक्रम लावा. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या मुलांचं वागणं सुधारलेलं दिसलं. फार मोठा फरक नव्हता, पण रोजची रडारड न करता मिळालेला होता. पालकांच्या अंगावर किती कमी ओझं टाकलं होतं, ते मला या प्रयोगात विशेष आवडतं.

कार्यक्रम निवडताना कथासार वाचून उपयोग नाही, कारण ते तात्पर्याचं सार असतं. एक भाग आवाज बंद करून बघा. कोण कुणाला ढकलतंय, प्रेक्षकाला कधी हसवलंय, हवं ते कुणाला मिळतंय आणि काय करून मिळतंय, हे लख्ख दिसतं. मूल्यं तिथे असतात.

नुसतं शेजारी बसणं पुरत नाही, उलट ते महागात पडू शकतं. ॲमी नेथनसन यांच्या १९९९ च्या अभ्यासात, मुलाशी बोलणाऱ्या किंवा काही नियम घालणाऱ्या पालकांची मुलं कमी आक्रमक दिसली. नुसतं सोबत बसून बघणाऱ्यांची मात्र जास्त. सरळ आहे, बाबा शेजारी बसून काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना हे चालतं. मी फोनमध्ये डोकं घालून तेच करत होतो, आणि वर "आम्ही एकत्र बघतो" असं अभिमानाने सांगत होतो.

बोलण्याने काय होतं ते 'डॅनियल टायगर्स नेबरहूड' या भावना ओळखायला शिकवणाऱ्या मालिकेच्या अभ्यासात दिसतं. एरिक रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तो मांडला. दोन आठवडे मालिका पाहिलेल्या मुलांना इतरांच्या मनातलं जास्त कळू लागलं, पण प्रामुख्याने त्याच घरांत जिथे टीव्हीवर दिसतं त्याबद्दल पालक एरवीही मुलांशी बोलत होते. मारेस यांनाही पुढच्या प्रयोगात असंच आढळलं. गोष्टीत मधे थोडक्यात उलगडून सांगितलं की मुलांना मुद्दा जास्त कळतो. कडी जोडून द्यायला कुणीतरी लागतं. पडद्यावरचं कुणी जोडत नसेल तर पडद्याबाहेरचं.

बोलायचं म्हणजे प्रवचन नाही. "बघ, असं चिडवू नये हं" हे वाक्य एका कानातून दुसऱ्या कानात. आणि "काय शिकलीस?" हा माझा प्रश्नही निकामी होता, कारण त्याचं उत्तर मुलं आपल्याला खूश करायला देतात, किंवा माझ्या मुलीसारखी खरं सांगून टाकतात. शेवटी विचारलेल्या प्रश्नापेक्षा मधे थांबवून विचारलेला उपयोगी पडतो, आणि तोही पात्राबद्दलचा. तो सशाचा भाग तिसऱ्यांदा लावला तेव्हा टोळी हसत होती तिथे मी थांबवला.

"ससा आता कुठे बघतोय?"

"खाली. मातीकडे."

"का?"

"त्याला वाटतंय शेपूट कुणाला दिसू नये." मग थोड्या वेळाने, मी काही न विचारता, "छोटूपण खालीच बघतो, मी खुंट्या म्हटलं की."

सूत्र सोलून काढायचं ते तिसरं काम तिनं स्वतःच केलं होतं. मी फक्त बटण दाबलं होतं. चिडवणं त्यानंतर बंद झालं असं सांगितलं तर खोटं होईल, आठवड्यात दोन-तीनदा अजून होतं.

परवा दोघं एक नवी मालिका बघत होती. भांडण ऐन रंगात आलं होतं. तिनं रिमोटने खालची पट्टी आणून किती वेळ राहिलाय ते पाहिलं आणि भावाला म्हणाली, "एकच मिनिट आहे रे. आता सॉरी म्हणतील बघ."